उपवनला चित्र काढताना ऊन सरकतं, तेव्हा तुम्ही काय करता?

ओलाकागद

नमस्कार मंडळी.

शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. मग पंचवीस वर्षं ब्रशला हात लावला नाही. दोन वर्षांपूर्वी पुन्हा सुरुवात केली आणि आता जवळजवळ दर रविवारी जलरंग, बोर्ड आणि फोल्डिंगचं स्टूल घेऊन बाहेर पडते. घर ठाण्यात वर्तकनगरला आहे, त्यामुळे पाय आपोआप उपवन तलावाकडेच वळतात.

गेल्या रविवारी काय झालं ते सविस्तर सांगते, म्हणजे माझी अडचण कळेल.

साडेचारला जाऊन बसले. समोर तलाव, पलीकडे येऊरचा डोंगर, डाव्या हाताला पाण्यावर वाकलेलं एक झाड. ऊन डोंगराच्या बाजूने, म्हणजे समोरून येत होतं. झाडाच्या पानांच्या कडा पेटल्यासारख्या दिसत होत्या आणि सावली माझ्या स्टुलापर्यंत पोचली होती. मला तेच हवं होतं. रेखाटन झालं, आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर टाकला, तो वाळेपर्यंत झाड घेतलं. कडांना कोरा कागद सोडून आत गडद हिरवा भरला. मनासारखं जमलं. मग पाण्याकडे वळले आणि मान वर केली, तर ऊन डोंगराआड गेलेलं! अवघ्या काही मिनिटांत पाणी, काठ, झाड सगळं निळसर करडं झालं होतं. उजळ राहिलं होतं ते फक्त आकाश. समोर जे दिसत होतं तेच मी रंगवत गेले.

घरी येऊन चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. झाड पावणेपाचचं आणि पाणी साडेपाचचं. प्रत्येक तुकडा वेगळा पाहिला तर बरा आहे, पण चित्र म्हणून काही केल्या एक होत नाही. मुलीने लांबूनच विचारलं, "आई, या झाडावर ऊन कुठून आलं?"

तर प्रश्न असा की बाहेर बसल्यावर प्रकाश बदलत जातो तेव्हा तुम्ही काय करता? पहिल्या क्षणाला धरून ठेवता की बदलेल तसं चित्र बदलता? आपल्या ठाण्या-नवी मुंबईत रंगवणाऱ्यांनी आपापले अनुभव लिहावेत. जागाही सुचवा.

पेन्सिलतुकडा

अगदी माझ्याच मनातला धागा. खारघरच्या टेकड्यांसमोर बसून माझं नेमकं हेच होतं. सकाळी डोंगराच्या घळ्या काय सुंदर उठून दिसतात! दहा वाजले की सगळा डोंगर सपाट पुठ्ठ्यासारखा. वाचतोय.

फळाखडू

ओलाकागद ताई, मी कलाशिक्षक होतो, आता निवृत्त आहे. तुमचं चित्र पाहिलेलं नसलं तरी ते कुठे बिघडलं असेल हे डोळ्यांसमोर आलं, कारण वर्षानुवर्षं मुलांच्या कागदांवर मी तेच पाहत आलो.

माझी पद्धत सांगतो. बसल्याबरोबर रंग उघडायचे नाहीत. आधी हाताच्या पंज्याएवढं एक चौकट-चित्र काढायचं, फक्त तीन टोनमध्ये: कोरा कागद, मधला करडा आणि गडद. त्यासाठी 6बी पेन्सिल पुरते. डोळे इतके बारीक करायचे की पानं, फांद्या, माणसं सगळं विरून नुसते डाग उरतील. ते डाग मांडायचे. याला सात-आठ मिनिटं, त्याहून जास्त नाही. बाजूला वेळ लिहायची आणि ऊन कोणत्या बाजूने येतंय त्याचा बाण काढायचा.

मग मोठ्या कागदावर रेखाटन करताना सावल्यांच्या कडाही आखून घ्यायच्या. नवशिका माणूस झाड आखतो, घर आखतो आणि सावलीला म्हणतो, "ती नंतर रंगवताना बघू." सगळा घोटाळा तिथेच होतो. झाड कुठे जाणार नाहीये, सावली जाणार आहे. जी निघून जाणार तिला आधी बांधून घ्या. एकदा सावली आखली की पुढचा दीड तास बाहेर काय वाटेल ते होवो, कागदावरची सावली हलवायची नाही. त्यानंतर समोर बघायचं ते रंगासाठी, झाडाच्या ठेवणीसाठी, फांदी कुठून फुटते ते कळण्यासाठी. उजेड कुठे आणि अंधार कुठे, हे त्या छोट्या चौकटीला विचारायचं.

दुसरी गोष्ट आपल्या परीक्षेतलीच. एलिमेंटरीला स्मरणचित्राचा पेपर असायचा, आठवतो ना? बहुतेक मुलं त्यात पाठ केलेली माणसं आणि पाठ केलेली जत्रा काढायची, म्हणून तो विषय बदनाम झाला. खरं तर उघड्यावर रंगवणाऱ्याला सगळ्यात जास्त कामाला येतं ते तेच. रोज करून पाहा: खिडकीतून दोन मिनिटं टक लावून बघायचं, मग पाठ फिरवायची आणि जे आठवतं ते काढायचं. पुन्हा वळून ताडून बघायचं. महिनाभर केलंत तर पावणेपाचचं झाड साडेपाचलाही डोळ्यांत शाबूत राहील. मला यायला फार वर्षं लागली, तुम्हाला लवकर येईल.

लंबक

मी चित्रकार नाही. बायको रंगवते आणि मी शेजारी बसून सूर्य मोजतो. थोडं गणित देतो, जागा आणि वेळ ठरवायला उपयोगी पडेल.

सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे 4 मिनिटांना 1 अंश. हात पुढे ताणून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण 10 अंश भरते. आपल्याकडे मावळता सूर्य थोडा तिरका उतरतो, म्हणून एक मूठ म्हणजे जवळजवळ पाऊण तास धरा. तुम्ही स्टुलावर बसल्या बसल्या मूठ धरून मोजा की सूर्य आणि डोंगराची कड यांत किती मुठी उरल्यात. तेवढाच तुमचा वेळ. मोबाईलमधली सूर्यास्ताची वेळ उपवनला कामाची नाही, कारण ती सपाट क्षितिजासाठी असते आणि तुमच्या पश्चिमेला येऊर उभा आहे.

शिवाय सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही. आपल्या अक्षांशावर डिसेंबरातला सूर्यास्त आणि जूनमधला सूर्यास्त यांच्यात क्षितिजावर जवळजवळ 50 अंशांचं अंतर पडतं, म्हणजे पाच मुठी. त्यामुळे नोव्हेंबरात पाहिलेली जागा एप्रिलमध्ये त्याच वेळी तशी दिसेलच असं नाही.

घड्याळाबद्दलही एक सांगतो. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आहे आणि आपण 73 च्या आसपास. त्यामुळे आपल्याकडे सूर्य बाराला डोक्यावर येत नाही, सरासरी 12:38 च्या सुमारास येतो. सकाळी 8 ला जे कोवळं ऊन दिसतं ते सूर्याच्या हिशेबाने सव्वासात-साडेसातचंच असतं. म्हणजे सकाळी उशिरा उठणाऱ्यांना थोडी सवलत आहे.

मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी सूर्य दुपारी अगदी माथ्यावर असतो. जुलैत ढग असतात, पण मे महिन्यात त्या वेळी उभ्या खांबाला सावलीच पडत नाही. त्या दिवसांत दुपारी सावलीचं चित्र काढायला जाऊ नका.

ओलाकागद

फळाखडू सर, लंबक, दोघांचेही मनापासून आभार. सर, खरंच सांगते, सावलीची कड पेन्सिलने आखायची असते हे मला कधी सुचलंच नाही. मी सावली म्हणजे रंग समजत होते.

चेंदणीकर

ठाणेकरांनो, एक विचारतो. संध्याकाळी सगळे पश्चिमेकडे तोंड करून का बसता?

मी ठाणे पूर्वेचा. मीठबंदर रोडने खाडीपर्यंत जायचं आणि मावळतीकडे पाठ करून बसायचं. समोर खाडी, कांदळवन आणि त्यामागे पारसिकचा डोंगर. सकाळी सूर्य त्याच्या मागे असतो, तेव्हा डोंगर म्हणजे नुसता निळा कापलेला कागद. तोच डोंगर संध्याकाळी उतरतं ऊन अंगावर घेतो आणि त्याची एकेक घळ मोजता येते. आधी पिवळसर, मग नारिंगी, शेवटी विटकरी गुलाबी. खालून सावली चढत जाते. कांदळवन आधी विझतं, मग डोंगराचा पाया, मग कंबर, आणि शेवटची काही मिनिटं फक्त माथा जळत राहतो.

याचा फायदा असा की ऊन तुमच्या पाठीमागून येतं, त्यामुळे डोळे दिपत नाहीत. आणि बदल कुठल्या दिशेने होणार हे आधीच माहीत असतं, सावली खालून वर. म्हणून मी डोंगर खालून वर रंगवतो. जो भाग आधी विझणार तो आधी. माथा शेवटी. घाई होते, पण फसगत होत नाही.

एक इशारा. बूड जमिनीला लागायच्या आधी डासांचं औषध लावा.

खाडीकाठी

आम्ही दिवाळे कोळीवाड्यातले. चित्र माझा भाचा काढतो, मी नाही. पण तुम्ही सगळे उन्हाचं बोलताय आणि पाण्याचं कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो.

खाडीवर बसणार असाल तर तिथी बघून निघा. आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, जे येईल तितक्या वाजता भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अंदाजाचं गणित आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत पाणी थोडं उशिराच चढतं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज सगळं पाऊण-एक तासाने पुढे ढकललं जातं.

मग बघा, पौर्णिमेला नाहीतर अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास. म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी पार आत गेलेलं आणि समोर चिखलच चिखल. भाचा पहिल्यांदा गेला तो पौर्णिमेचा, "मामा, पाणीच नाही" म्हणत तोंड पाडून आला. त्याला म्हटलं, पुन्हा जा, ओल्या चिखलाकडे बघ. ओहोटीला चिखलावर पाण्याचा पातळ थर राहतो, त्यात आभाळ पाण्यापेक्षा चांगलं उतरतं. त्यात ओढ्यासारख्या वळणाच्या खाचा असतात, त्या आधी चमकतात. आता तो मुद्दाम ओहोटीलाच जातो.

आणि अष्टमीला सहा वाजता भरती असली तरी ती भांगाची भरती. पाणी फार चढत नाही. उधाणाची भरती हवी तर पौर्णिमा-अमावास्या, आणि ती भर दुपारी.

फळाखडू

खाडीकाठी, हा हिशेब मी लहानपणी अलिबागला किल्ल्यात चालत जाताना ऐकला होता, चित्रासाठी वापरावा हे डोक्यात आलं नाही. आजच भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करून ठेवतो.

ओल्या चिखलाबद्दल तुम्ही लिहिलंत ते चित्रकाराच्या डोळ्याने लिहिलंय. भाच्याला सांगा, प्र. अ. धोंड यांची समुद्राची जलरंगचित्रं कुठे पाहायला मिळाली तर जरूर पाहा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख होते ते. मोजक्या फटकाऱ्यांत ओली वाळू, पाणी आणि आभाळ. पुन्हा हात फिरवलेला कुठे दिसत नाही. प्रकाश बदलायच्या आत चित्र संपवायचं असेल तर हात किती स्वच्छ लागतो ते त्यांच्याकडून कळतं.

टर्पेंटाइन

मी तैलरंगात काम करतो आणि माझं मत थोडं वेगळं आहे. फळाखडू सरांचा आदर राखून लिहितो.

सावली बांधून ठेवली की चित्र एकसंध होतं हे खरं. पण मग उरलेला दीड तास आपण समोर घडणाऱ्या गोष्टींकडे डोळेझाक करत बसतो. ओलाकागद यांना साडेपाचला जे निळसर करडं पाणी दिसलं तेही तितकंच खरं होतं, आणि कदाचित जास्त सुंदर. ते का सोडायचं?

फ्रेंच चित्रकार क्लॉद मोने यांनी 1890-91 मध्ये गवताच्या गंजी रंगवल्या त्या याच कारणाने. एकच गंजी, पण समोर अनेक कॅनव्हास. ऊन बदललं की हातातला कॅनव्हास खाली ठेवायचा आणि त्या प्रकाशाचा दुसरा उचलायचा. दुसऱ्या दिवशी तीच वेळ आली की पहिला पुन्हा वर. पुढे रूआंच्या कॅथीड्रलचीही त्यांनी अशीच तीसहून जास्त चित्रं केली.

आपल्याला इतके कॅनव्हास वाहून नेता येणार नाहीत, पण जलरंगवाल्यांना तर हे फार सोपं आहे. पाव आकाराचा कागद घ्या, मास्किंग टेपने त्याचे चार भाग पाडा. साडेचार, पाच, साडेपाच, सहा. प्रत्येकाला वीस मिनिटं. झाड तेच, डोंगर तोच. चारही अर्धवट राहिले तरी चालतील. पुढच्या रविवारी त्याच जागी त्याच वेळी जाऊन भर घाला. चार रविवारांनी तुमच्याकडे एका संध्याकाळची चार चित्रं असतील, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उपवनचा उजेड तुम्हाला पाठ झालेला असेल.

फळाखडू

टर्पेंटाइन, मतभेद वाटतो तेवढा नाही. तुमच्या प्रत्येक चौकटीत प्रकाश एकच आहे, तो तुम्हीही बदलत नाही. मी एक चौकट म्हणतो, तुम्ही चार म्हणता. ताईंनी चार करून पाहाव्यात, माझी काही हरकत नाही. आपल्याकडे हे अगदी नवीन आहे असंही नाही. आबालाल रहिमान जे. जे.त शिकून कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ, रंकाळा या आपल्या पायाखालच्या परिसरातच वर्षानुवर्षं रंगवत राहिले. एका पाण्याकाठी इतका काळ बसलेल्या माणसाला उजेड वेगळा शिकवावा लागत नसणार.

फक्त वीस मिनिटांत जलरंग वाळणार का, ते हवेवर आहे. ऑक्टोबरच्या उन्हात वॉश टाकेपर्यंत वाळतो, पावसाळ्यात अर्धा तास झाला तरी कागद गार लागतो. चौकटी आलटूनपालटून घ्याव्या लागतील.

पेन्सिलतुकडा

पावसाळ्याचा विषय निघालाय म्हणून सांगतो. मला सगळ्यात शांतपणे काम करता येतं ते जुलै-ऑगस्टमध्ये. आभाळ एकसारखं भरलेलं असेल तर सावल्याच नसतात. दोन-दोन तास उजेड जागचा हलत नाही. खारघरला पांडवकड्याच्या बाजूचा डोंगर तेव्हा काय दिसतो, धबधबे, ढग उतरलेले. लांबूनच बसा, तिथे दर पावसाळ्यात अपघात होतात, पाण्याजवळ जाऊ नका.

अडचण एकच, हिरवा! सगळंच हिरवं. ट्यूबमधला हिरवा लावला की चित्र प्लास्टिकचं होतं. कुणी उपाय सांगेल का?

ओली_साय

हिरव्यावर उपाय: ट्यूबमधला हिरवा नुसता कधीच लावायचा नाही. त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घाला. जवळच्या गवताला पिवळा जास्त, लांबच्या डोंगराला अल्ट्रामरीन निळा जास्त. सगळ्यात मागचा डोंगर हिरवा दिसत असला तरी करडा-निळाच लावा, मधल्या हवेमुळे तो तसाच दिसत असतो, आपलं मन त्याला हिरवं म्हणतं. मुठीचं भोक करून त्यातून एकच ठिपका बघा, खरा रंग कळेल.

रविवारची_रेघ

मी अजून एकदाही बाहेर बसून रंगवलेलं नाही, धाडसच होत नाही. लोक मागे उभे राहतात त्याचं काय करता? आणि बाईने एकटीने कुठे बसावं? मागे एकदा एका सोसायटीबाहेरच्या फुटपाथवर नुसतं स्केचबुक उघडलं तर वॉचमनने "इथे काय मोजमाप घेताय" म्हणून उठवलं. त्या दिवशी घरी येऊन रडले होते. नंतर गेलेच नाही.

ओलाकागद

रविवारची_रेघ, असं कुणी उठवलं की किती लागतं ते मला माहीत आहे. पण त्या एका माणसासाठी सोडू नकोस. सुरुवात तलावपाळीने कर. मासुंदा तलावाभोवती सकाळी सहापासून चालणारे लोक असतात, आजी-आजोबा असतात, कोपिनेश्वराला जाणारे असतात. एकटं वाटतच नाही. भिंतीला किंवा झाडाला पाठ टेकवून बस, म्हणजे मागे कुणी उभं राहत नाही. बघणाऱ्यांतले बहुतेक मनापासून कौतुक करतात. एका आजोबांनी मला तलावात पूर्वी काय काय होतं ते तासभर सांगितलं, चित्र राहिलं पण दिवस चांगला गेला. हवं असेल तर पुढच्या रविवारी मी येते सोबत.

आणि येऊरला आत एकटी जाऊ नकोस. जंगल आहे, बिबट्यांचा वावर आहे, अंधार पडायच्या आत बाहेर यायलाच हवं. तिथे चार जणींनी मिळून सकाळी जावं.

लंबक

तलावपाळीला सकाळीच जा याला आणखी एक कारण आहे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते इथे दिसतात. पहाटे वारा पडलेला असतो, पाणी आरशासारखं असतं. दिवस चढला की समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि पाण्यावर बारीक लाटा उठतात, मग प्रतिबिंब तुटतं. प्रतिबिंब रंगवायचं असेल तर ते आधी उरका, देऊळ आणि झाडं नंतरही असतातच.

टर्पेंटाइन

त्यात रंगाचंही एक आहे. पाण्यातलं प्रतिबिंब वरच्या वस्तूइतकं गडद नसतं आणि तिच्याइतकं उजळही नसतं, दोन्ही टोकं थोडी मधे येतात. काळ्या खांबाचं प्रतिबिंब जरा फिकं, पांढऱ्या भिंतीचं जरा मळकं.

आणि सगळ्यांना कळकळीने सांगतो, कागदावर थेट ऊन पडू देऊ नका. उन्हात पांढरा कागद इतका चकाकतो की आपण रंग जरुरीपेक्षा गडद लावतो, आणि घरी ट्यूबलाइटखाली चित्र काळवंडलेलं दिसतं. बोर्ड फिरवा, नाहीतर छत्री लावा. छत्री पांढरी किंवा काळी. लाल-निळी रंगीत छत्री असेल तर तिचा रंग कागदावर उतरतो आणि तुम्ही नकळत त्याच्या विरुद्ध रंग घालत बसता. माझं एक अख्खं चित्र हिरव्या छत्रीखाली गेलं, घरी पाहिलं तर सगळीकडे लालसर झाक.

तिन्हीसांजेलाही जपा. उजेड कमी झाला की डोळ्यांना लाल रंग आधी काळपट दिसू लागतात आणि निळे उजळ. तेव्हा पॅलेटवर कालवलेल्या रंगावर विश्वास ठेवू नका. त्या वेळी पेन्सिलने नोंदी करा: "आभाळ वर जांभळट, खाली भगवं, डोंगर सगळ्यात गडद." रंग घरी.

ओली_साय

नोंदींवरून आठवलं. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल 1821-22 मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला नुसते ढग रंगवायचे आणि मागे तारीख, वेळ, वारा कुठला ते लिहून ठेवायचे. हे कळल्यापासून मी प्रत्येक चित्रामागे तेवढं लिहिते. दोन वर्षांनी उलटून पाहिलं तर आपोआप एक डायरी झालेली असते.

मोबाईलचा फोटो मी फक्त वेळेच्या नोंदीसाठी काढते. आजकालचे फोन सावल्या आपणहून उजळून टाकतात. त्यावरून रंगवलं की सावलीतला अंधारच हरवतो.

चेंदणीकर

कुणी फ्लेमिंगो रंगवतं का? ठाण्याची खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. हिवाळ्यापासून उन्हाळा संपेपर्यंत पक्षी असतात. मी बराच प्रयत्न केला, जमत नाही. लांबून ते नुसती गुलाबी रेघ दिसतात, आणि गुलाबी लावला की खोटं वाटतं.

खाडीकाठी

भाचा म्हणतो, गुलाबी आधी लावू नका, आधी चिखलाचा करडा ओला असतानाच त्यात जागा सोडा, वाळल्यावर अगदी पातळ गुलाबी फिरवा. पक्षी मोजू नका, थवा काढा. ओहोटीला ते चिखलात चरायला पसरतात, पाणी चढलं की एका जागी गोळा होतात. रेघ हवी की ठिपके हवेत ते ठरवून तिथी बघा.

ओलाकागद

तीन रविवार झाले, म्हणून कळवते.

पहिल्या रविवारी उपवनला मूठ धरून मोजलं. साडेचारला सूर्य डोंगराच्या कडेपासून मुठीहून थोडाच वर होता. म्हणजे हातात पाऊण तासाच्या वर फारसं काही नव्हतं, आणि मी दीड तासाचं चित्र घेऊन बसत होते! त्या दिवशी फक्त सरांची छोटी चौकट काढली आणि सावली आखली. रंग नाहीत.

दुसऱ्या रविवारी चारलाच जाऊन बसले आणि टर्पेंटाइन यांच्या चार चौकटी केल्या. तिसरी, ऊन डोंगराआड गेल्यावरची, सगळ्यात चांगली झाली. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कालवून एकच करडा केला. झाड, काठ, डोंगर सगळं त्यातूनच काढलं, कुठे निळा जास्त, कुठे तपकिरी जास्त. ज्या प्रकाशाने माझं आधीचं चित्र बिघडवलं तोच आता सगळ्यात आवडता झालाय. मुलीने ती चौकट कापून आपल्या टेबलावर लावली.

काल रविवारची_रेघ आणि मी मीठबंदरला गेलो होतो. चेंदणीकर, पारसिक खालून वर विझत जातो हे तुम्ही लिहिलं होतं तसंच दिसलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा उघड्यावर बसून रंगवलं. माथ्यावरचं शेवटचं ऊन घ्यायला ब्रश उचलला आणि ते गेलं. ती म्हणाली, "मला आठवतंय ना अजून," आणि डोळे मिटून दोन मिनिटं बसली. मग लावला तो रंग बरोबर होता.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. पारसिकच्या डाव्या बाजूला एक नवा टॉवर वर येतोय, पुढच्या वर्षी तो डोंगराची कड झाकेल असं वाटतं. मोने यांनी पॉप्लरची झाडं रंगवताना ती विकली जाणार असं कळल्यावर लाकडाच्या व्यापाऱ्याला पैसे देऊन चित्रं होईपर्यंत तोड थांबवली होती, असं वाचलं. आम्हाला टॉवर थांबवता येणार नाही. म्हणून या हिवाळ्यात दर रविवारी तिथेच बसायचं ठरवलंय.

रविवारची_रेघ

मी येणार आहे, दर रविवारी. छत्री काळी घेतली.

खाडीकाठी

पुढच्या रविवारी चतुर्दशी आहे. संध्याकाळी पाणी पार उतरलेलं असेल, चिखल चमकेल. भाच्याला पाठवतो, त्यालाही पारसिक इकडून बघायचाय. साडेचारला मीठबंदरला या.